आमेडमधील ५३ दिवस : एका होमस्टेचे परीक्षण आणि जमिनीच्या व्यवहाराबद्दल चार शब्द

बालीच्या पूर्व किनाऱ्यावरील आमेड येथे मी आणि माझी पत्नी २४ मार्च ते १५ मे २०२५ असे ५३ दिवस एका कोळी कुटुंबाच्या होमस्टेमध्ये राहिलो. हे परीक्षण मुख्यतः त्या होमस्टेचे आहे. मात्र आम्ही केवळ विश्रांतीसाठी गेलो नव्हतो. निवृत्तीनंतर वर्षातील काही महिने समुद्राकाठी राहावे आणि जमले तर तेथे थोडी जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, असा विचार गेली तीन वर्षे आमच्या घरात चालू होता. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी २८ वर्षे गेली असल्यामुळे कागदपत्रे वाचण्याची मला सवय आहे. त्या सवयीचा उपयोग आमेडमध्ये जेवढा झाला, तेवढा नोकरीतही क्वचितच झाला असेल.

आमेड हे नाव मूळचे एका वस्तीचे असले, तरी आता जेमेलुक, बुनुतान, लिपाह, सेलांग, बान्युनिंग अशा एकापाठोपाठ एक येणाऱ्या लहान खाड्यांच्या सगळ्या पट्ट्यालाच ते लावले जाते. डेनपसारच्या विमानतळापासून येथे यायला मोटारीने अडीच ते तीन तास लागतात. दक्षिण बालीतील गर्दी, वाहनांची कोंडी आणि रात्रभर चालणारे संगीत येथे नाही. वाळू काळी आहे, बऱ्याच ठिकाणी तर वाळूऐवजी गोटेच आहेत, आणि मागे ३,०३१ मीटर उंचीचा आगुंग हा ज्वालामुखी उभा आहे. पांढऱ्या वाळूवर पहुडण्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची येथे निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा होमस्टे लिपाहच्या चढावर होता. पुढच्या बाजूला कुटुंबाचे राहते घर आणि त्यांची देवळी, मागे पाहुण्यांसाठी चार खोल्या, आणि त्यापलीकडे थेट समुद्रापर्यंत उतरत जाणारी पायवाट, अशी रचना होती. महिनाभर राहणाऱ्यांसाठी खोलीचा दर ३० दिवसांना ५५ लाख रुपिया होता, म्हणजे त्या वेळच्या दराने (एका रुपयाला साधारण १९५ रुपिया) सुमारे २८ हजार रुपये. त्यात सकाळची न्याहारी आणि आठवड्यातून दोनदा चादरी बदलणे आले. ५३ दिवसांचा हिशेब दिवसांप्रमाणे ९७ लाख रुपिया, म्हणजे जवळजवळ ५० हजार रुपये झाला. एकही छुपा आकार लावला गेला नाही. प्रत्येक नोंद मालकीणबाईंनी वहीत करून आमच्यासमोर बेरीज केली.

मालकीणबाईंना आम्ही तेथील रीतीप्रमाणे ‘इबू’ म्हणत असू. इबू म्हणजे आई, आणि वडीलधाऱ्या कोणत्याही स्त्रीला हीच हाक मारतात. त्या रोज सकाळी सहाच्या सुमारास ओट्यावर बसून माडाच्या कोवळ्या पातीची तळहाताएवढी चौकोनी परडी विणत. बांबूच्या बारीक काडीने कोपरे टाचले, की त्या परडीत पूर्वेला पांढरे, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे आणि उत्तरेला निळे किंवा हिरवे, अशी दिशांप्रमाणे फुले मांडत, वर चिमूटभर भात ठेवत आणि उदबत्ती लावून ती परडी आमच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवून जात. याला ‘चानांग सारी’ म्हणतात. पहिल्याच दिवशी माझ्या पत्नीचा पाय चुकून त्या परडीवर पडणार होता, तेव्हा इबूंनी हसून तिला हाताला धरून बाजूला घेतले. दुसऱ्या आठवड्यापासून दोघी एकत्र बसून परड्या विणू लागल्या. या ५३ दिवसांतील सर्वांत चांगली गोष्ट कोणती, असे तिला विचारले, तर ती समुद्राचे नाव घेणार नाही, या सकाळींचे घेईल.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. हा बालीचा कोरडा कोपरा आहे आणि विहिरीच्या पाण्याला खारटपणा आहे, त्यामुळे नळाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि केस चिकट राहतात. पिण्यासाठी १९ लिटरचा ‘गॅलन’ विकत घ्यावा लागतो, तो मात्र घरपोच मिळतो. खालच्या मजल्यावरील खोल्यांत ओल आहे; पहिल्या आठवड्यात आमच्या गादीला वास येत होता, तो सांगितल्यावर त्याच दिवशी आम्हाला वरची खोली देण्यात आली. कोंबडे पहाटे साडेतीनपासून आरवतात. इंटरनेट संध्याकाळी मंदावते, त्यामुळे ज्यांना घरबसल्या नोकरी करायची आहे, त्यांनी स्वतःच्या सिमकार्डाची सोय ठेवावी.

न्याहारीला केळ्याची भजी, तांदळाची खीर किंवा अंड्याचे धिरडे असे. दुपारचे जेवण आम्ही बहुधा वारुंगमध्ये, म्हणजे घरगुती खानावळीत घेत असू. भात आणि त्याभोवती चार-पाच पदार्थ असलेले ‘नासी चाम्पुर’ ३५ हजार रुपियांना, सुमारे १८० रुपयांना, मिळते. माझी पत्नी शाकाहारी आहे आणि तिच्यासारख्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. भाज्यांत ओले खोबरे घालून केलेला ‘उराप’ आपल्या तोंडाला लगेच रुचतो, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू सगळीकडे आहेत, पण तेथील ठेच्यात, म्हणजे सांबालमध्ये, बहुतेक वेळा तरासी असते. तरासी म्हणजे जवळा आंबवून केलेला गोळा. केवळ ‘मासे नकोत’ म्हटल्याने तो वगळला जात नाही. ‘तान्पा तरासी’ असे स्पष्ट सांगावे लागते. इबूंनी एकदा ऐकल्यावर आमच्यासाठी ठेच्याचा खल वेगळा ठेवला, तो शेवटपर्यंत. माझ्यासाठी मात्र संध्याकाळी कोळशावर भाजलेला बांगडा किंवा गेदर असे, आणि हळद, गलांगल (आल्यासारखे मूळ) व लसूण वाटून लावलेल्या त्या माशाची बरोबरी मी इतरत्र पाहिलेली नाही.

समुद्रावर येणाऱ्या मराठी माणसाला पहिली ओळख पटते ती होड्यांची. आपल्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल राखणारा लाकडी आधार, असते. येथील ‘जुकुंग’ला दोन्ही बाजूंना उलांड्या असतात आणि नाळीला (होडीच्या पुढच्या भागाला) माशाच्या चोचीसारखे टोक व डोळे रंगवलेले असतात. इबूंचे यजमान पहाटे चारला निघून आठाच्या आसपास परत येत. भरलेली होडी काळ्या गोट्यांवरून वर ओढायला पाच-सहा माणसे लागतात, आणि त्या वेळी किनाऱ्यावर असलेला कोणीही न बोलावता हात लावतो. मीही लावू लागलो.

जेमेलुकच्या खाडीत किनाऱ्यापासून थोडेसेच पोहत गेले, की प्रवाळ दिसू लागते. जवळच्या टुलाम्बेन येथे अमेरिकेचे ‘लिबर्टी’ हे मालवाहू जहाज आहे. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते निकामी झाले, ओढत आणून किनाऱ्यावर लावले गेले, आणि १९६३च्या आगुंगच्या उद्रेकात पुन्हा समुद्रात सरकले. आता ते किनाऱ्यापासून फार तर ३० मीटरवर पडले आहे आणि त्याचा वरचा भाग मुखवटा लावून पोहणाऱ्यालाही दिसतो. सकाळी साडेसहाला जावे. नऊनंतर दक्षिण बालीतून आलेल्यांची गर्दी होते. खोल पाण्यात उतरणाऱ्यांनी विमा अवश्य काढावा, कारण अपघात झाल्यास दाबकक्षाची (खोल पाण्यातून वर आल्यावर होणाऱ्या त्रासावर उपचार करण्याच्या बंद कक्षाची) सोय डेनपसारच्या मोठ्या रुग्णालयात आहे, आणि इतर उपचारांसाठी जवळचे जिल्हा रुग्णालय आम्लापुरा येथे आहे. स्कूटर महिन्याला १० लाख रुपियांना मिळते, परंतु बुनुतान ते लिपाह हा रस्ता इतका चढउताराचा आणि वळणांचा आहे, की ज्यांना दुचाकीची रोजची सवय नाही, त्यांनी तो मोह टाळावा. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, हेही लक्षात ठेवावे.

आमच्या मुक्कामात २९ मार्च रोजी ‘न्येपी’ आला. हा बालीच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. आपला पाडवा त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला होता, आणि त्यांचा व आपला शक एकच, १९४७. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत अग्नी, काम, प्रवास आणि करमणूक या चारही गोष्टी वर्ज्य असतात. विमानतळ बंद असतो, मोबाइलवरील इंटरनेट बंद असते, आणि पाहुण्यांनाही आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. इबूंनी आदल्या रात्री उकडलेली रताळी, केळी आणि गरम पाण्याचा थर्मास खोलीत आणून ठेवला आणि उजेड बाहेर जाऊ नये म्हणून न्हाणीघराच्या खिडकीला आतून जाड कापड लावले. अमावास्येची ती रात्र, संपूर्ण किनाऱ्यावर एकही दिवा नाही, आणि डोक्यावर एवढ्या चांदण्या, की आम्ही दोघे दोन वाजेपर्यंत ओट्यावर काही न बोलता बसून होतो. या दिवसाला जोडून येण्याचे किंवा परतण्याचे तिकीट मात्र काढू नये.

आता जमिनीविषयी. येथे मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण समाजमाध्यमांवर बालीत ‘स्वतःचा व्हिला’ घेण्याच्या ज्या जाहिराती मराठीतही फिरू लागल्या आहेत, त्यांत कायद्याचा उल्लेख नसतो.

इंडोनेशियाच्या १९६०च्या पाचव्या क्रमांकाच्या जमीनविषयक मूलभूत कायद्यानुसार पूर्ण मालकीहक्क, म्हणजे ‘हाक मिलिक’, केवळ इंडोनेशियाच्या नागरिकालाच मिळतो. परदेशी व्यक्तीसमोर साधारण तीन मार्ग उरतात : ठरावीक मुदतीचा भाडेपट्टा, निवास परवाना असल्यास वापराचा हक्क, किंवा परदेशी भांडवलाची कंपनी काढून त्या कंपनीच्या नावे बांधकामाचा हक्क. कंपनीसाठी १,००० कोटी रुपियांहून अधिक, म्हणजे आपल्या पाच कोटी रुपयांहून अधिक गुंतवणुकीचा आराखडा द्यावा लागतो. ते आमच्यासारख्या निवृत्तिवेतनावरील माणसांच्या आवाक्यातले नाही.

ज्या मध्यस्थाची सेवा आम्ही घेतली, त्याने पहिल्याच भेटीत चौथा मार्ग सुचवला : जमीन एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर घ्यायची आणि त्याच्याकडून वेगळा करार लिहून घ्यायचा. ‘सगळे असेच करतात’, हे त्याचे वाक्य मी बँकेत कर्जदारांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. त्याच कायद्याच्या २६व्या कलमानुसार असा आडून केलेला व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मी नकार दिल्यावर त्याने बुनुतानच्या उतारावरील दहा ‘आर’ जमीन २५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दाखवली. बालीत जमीन आरमध्येच मोजतात, आणि आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच असल्यामुळे क्षेत्र डोळ्यांसमोर लगेच आले : दहा गुंठ्यांहून किंचित कमी. जागा सुंदर होती. समोर शेजारच्या लोंबोक बेटावरील रिंजानी ज्वालामुखीचे शिखर दिसत होते. मी भारावलो आणि जमीन राखून ठेवण्यासाठी ५० लाख रुपिया भरले.

त्यानंतर मी स्वतंत्र नोटरीकडे गेलो. मध्यस्थाने सुचवलेल्या नोटरीकडे जाऊ नये, स्वतःचा शोधावा, एवढे तरी मला सुचले. त्यातून निघाले ते असे. मालकीच्या मूळ प्रमाणपत्राऐवजी छायाप्रत दाखवली गेली होती. जमीन वडिलोपार्जित होती आणि तीन भावांपैकी एकाचीच सही तयार होती. जमिनीपर्यंत जाणारी वाट शेजाऱ्याच्या मालकीतून होती आणि तिचा लेखी हक्क कोठेही नव्हता. मुदतवाढीचे आश्वासन करारात होते, पण ती कोणत्या दराने मिळणार, हा रकाना कोरा होता. वारस, वहिवाट, बोजा, मुदत या चार गोष्टी आपल्याकडे तालुक्याच्या गावी जशा तपासायच्या, तशाच तेथेही तपासाव्या लागतात, आणि त्यात भर म्हणून परंपरागत ग्रामसंस्थेचा, म्हणजे ‘देसा आदात’चा, होकार लागतो; काही जमिनी त्या ग्रामसंस्थेच्याच असतात आणि त्या कोणालाही विकता येत नाहीत. मी व्यवहार मोडला. भरलेले ५० लाख रुपिया, म्हणजे जवळजवळ २६ हजार रुपये, मध्यस्थाने परत केले नाहीत. पावतीवर परताव्याची अट लिहिलेली नव्हती, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती.

समजा, कागद निर्दोष असते, तरी पुढचे प्रश्न राहतातच. भाडेपट्ट्याच्या जागेवर बांधलेले घर पर्यटकांना रोजाने देऊन उत्पन्न मिळवणे, हे पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला कायद्याने करता येत नाही. भरतीच्या रेषेपासून किमान १०० मीटरचा पट्टा मोकळा सोडण्याचा नियम आहे, आणि त्याकडे काणाडोळा होण्याचे दिवस सरत चालले आहेत. आम्ही परतल्यानंतर, जुलै २०२५मध्ये, दक्षिण बालीतील बिंगिन किनाऱ्यावर सरकारी जमिनीवर उभी राहिलेली ४८ बांधकामे पाडण्यास सुरुवात झाली. भारतातून पैसे पाठवायचे, तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांवरील रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के कर आधी कापला जातो (तो विवरणपत्रात वळता होतो), आणि परदेशातील मालमत्तेची नोंद विवरणपत्रात दरवर्षी करावीच लागते.

या हिशेबापलीकडचे एक कारण मला मेच्या पहिल्या आठवड्यात मिठागरावर सापडले. आमेडचे मीठ भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शिरोड्याच्या मिठागरात पाणी जमिनीवरच आटवतात. येथे समुद्राचे पाणी मातीच्या वाफ्यावर शिंपतात, सुकलेली खारी माती खरवडून बांबूच्या शंकूसारख्या गाळणीत भरतात, वरून पुन्हा समुद्राचे पाणी ओततात आणि खाली ठिबकणारे दाट खारे पाणी माडाच्या उभ्या चिरलेल्या पोकळ खोडांत उन्हात ठेवतात. मी पाहिले, तेव्हा साठीतला एक गृहस्थ करवंटीच्या तुकड्याने खोडातील मीठ कडेला ओढत होता. दाणे पांढरे, चपटे, आणि जिभेवर ठेवल्यावर आधी खारट व मग किंचित गोडसर. त्याच्या वाफ्यांच्या दोन्ही बाजूंना हॉटेलांच्या भिंती होत्या. मिठागरे जेथे होती, ती सपाट किनाऱ्याची जमीनच हॉटेलांना हवी असते, त्यामुळे मीठ पिकवणारी घरे कमी होत गेली.

इबूंच्या थोरल्या भावाने आपली किनाऱ्याची जमीन अशीच २५ वर्षांसाठी एकरकमी दिली होती. आलेले पैसे वडिलांच्या दहनविधीत आणि एका मालमोटारीत संपले. मालमोटार आता विकली आहे, मुदतीची १६ वर्षे बाकी आहेत, आणि तो त्याच जमिनीवर रात्रपाळीचा पहारेकरी आहे. हे इबूंनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. मीठ कोठून घ्यावे, असे आम्ही विचारले, तेव्हा ‘पूर्वी आमच्याकडचेच असे’ म्हणता म्हणता सांगितले. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी जमिनीचा विचार सोडला.

ज्यांना जायचे आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या काही गोष्टी. भारतीय पारपत्रधारकाला आगमनानंतरचा व्हिसा ५ लाख रुपियांना, म्हणजे सुमारे अडीच हजार रुपयांना, ३० दिवसांसाठी मिळतो आणि तो एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतो. आमची मुदतवाढ ऑनलाइन झाली. मे २०२५च्या अखेरीपासून मात्र छायाचित्रासाठी आणि मुलाखतीसाठी कार्यालयात स्वतः जावे लागते, आणि आमेडसाठी ते कार्यालय उत्तर किनाऱ्यावरील सिंगराजा येथे आहे. त्यासाठी एक पूर्ण दिवस आणि मोटारीचे भाडे धरून ठेवावे. बालीत येणाऱ्या प्रत्येक परदेशी पर्यटकाला १ लाख ५० हजार रुपियांचा वेगळा पर्यटन आकार आहे. तो निघण्यापूर्वीच भरलेला बरा. एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चांगला. होमस्टेत वरच्या मजल्यावरील समुद्राकडची खोली मागावी, आणि डोक्यासाठी नारळाचे तेल बरोबर न्यावे.

होमस्टेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पाण्याचा. निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुढच्या वर्षीच्या ४० दिवसांचे भाडे आगाऊ दिले, कारण इबूंना छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्यासाठी टाकी बसवायची होती आणि रक्कम कमी पडत होती. त्यांनी वहीचे नवे पान काढले, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहिली, दोन्ही तारखा घातल्या, आणि न आल्यास पैसे परत मिळतील, हे वाक्य मी सुचवण्याआधीच खाली लिहून सही केली.